विश्लेषण : परदेशातील अनाथ मुलाला आपल्या घरी आणता येते का? कायदा काय सांगतो, वळिवडे काय सांगते?

छत्रपती संभाजीनगर : युक्रेन, गाझा, सुदान. मोबाइलवर ढिगाऱ्याशेजारी एकट्या बसलेल्या मुलाचे छायाचित्र येते आणि कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिते, ‘एक मूल आपणही सांभाळू शकतो, काय करावे लागेल?’ त्याखाली हात जोडलेले इमोजी पडतात, दोन-तीन जण होकार देतात आणि विषय तिथेच संपतो. प्रश्न मात्र खरा आहे. सिडकोतील किंवा गारखेड्यातील एखाद्या घराने उद्या खरोखर ठरवले, तर परदेशातील अनाथ मूल त्या घरात राहायला येऊ शकते का?

ओळख ना पाळख असलेले मूल आणता येत नाही, दत्तक म्हणूनही नाही आणि सुट्टीपुरते पाहुणे म्हणूनही जवळपास नाहीच. नात्यातील मूल असेल तर मार्ग आहे, पण तो आधी त्या मुलाच्या देशातील न्यायालयातून जातो. यामागचे कारण सरकारी अडेलपणा एवढेच नाही. शंभर वर्षांत अशा मुलांचे काय झाले, याचा मोठा हिशेब त्यामागे आहे आणि त्यातील एक पान कोल्हापूरजवळ लिहिले गेले.

उच्च न्यायालयाने नेमके काय म्हटले?

जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठापुढे एका भारतीय दाम्पत्याची याचिका आली. त्यांना नात्यातीलच एक मूल दत्तक घ्यायचे होते. मूल बहिणीचे, जन्म २०१९ मध्ये अमेरिकेत, म्हणून नागरिकत्व अमेरिकेचे. काही महिन्यांचे असतानाच ते भारतात आले आणि याच दाम्पत्याकडे वाढले. जन्मदाते हयात, त्यांची संमती, मूल घरात रुळलेले. सामान्य माणसाला यात अडचण दिसणार नाही.

अडचण केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाला, म्हणजे ‘कारा’ला दिसली. त्यांनी या दाम्पत्याची भावी दत्तक पालक म्हणून नोंदणीच केली नाही. न्यायालयानेही दिलासा दिला नाही. बाल न्याय कायदा आणि दत्तक नियमावलीत परदेशी नागरिकत्व असलेल्या मुलाला दत्तक घेण्याची तरतूद नाही, नात्यातील असले तरी नाही. अपवाद फक्त ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ किंवा ‘विधिसंघर्षग्रस्त’ बालक ठरले तर. अमेरिकी मूल दत्तक घेणे हा याचिकाकर्त्यांचा मूलभूत अधिकार नाही, मग त्याचे जन्मदाते भारतीय का असेनात, असेही खंडपीठाने स्पष्ट केले. आधी अमेरिकेच्या कायद्यानुसार दत्तक प्रक्रिया पूर्ण करावी लागेल आणि मग मूल भारतात आणण्याची पुढची औपचारिकता, असा निकालाचा अर्थ.

या निकालावर समाजमाध्यमांवर बरीच नाराजी उमटली. स्वतःच्या भाच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हा सूर समजण्यासारखा आहे. तरी न्यायालयाने कायद्यात नसलेली वाट स्वतः काढून दिली नाही, हे योग्यच झाले. ती वाट एका प्रेमळ मावशीसाठी उघडली असती, तर तिथून पुढे कोण कोण आत शिरले असते, याचा विचार करावा लागतो.

कायद्यात ‘बाहेर जाण्याचा’ मार्ग मोठा, ‘आत येण्याचा’ अरुंद का?

कारण भारताची अनेक दशकांची चिंता उलटी होती. इथली मुले परदेशात जात होती आणि त्यांचे पुढे काय होते, याचा पत्ता लागत नव्हता. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून १९८४ मध्ये ऐतिहासिक निकाल आला. मुलासाठी आधी देशातच घर शोधायचे, नाही मिळाले तर परदेशी कुटुंब, आणि तेही मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच, हे तत्त्व त्यातून रुजले. भारताने २००३ मध्ये आंतरदेशीय दत्तकविषयक हेग करार स्वीकारला. २०१५ चा बाल न्याय कायदा आणि २०२२ ची दत्तक नियमावली याच पायावर उभी आहे.

थोडक्यात, यंत्रणा बांधली गेली ती दरवाजातून बाहेर पडणाऱ्या मुलावर नजर ठेवण्यासाठी. परदेशातील मूल भारतीय नागरिकाने दत्तक घेण्याबद्दल नियमावलीत मोजकेच लिहिले आहे. दत्तक प्रक्रिया त्या देशाच्या कायद्याने तिकडेच पूर्ण व्हायला हवी, मूल हेग करारातील देशाचे असेल तर ‘कारा’ची मान्यता हवी, त्यासाठी कुटुंबाचा गृहभेट अहवाल हवा, परदेशी पासपोर्टवरील मुलासाठी भारतीय दूतावासाकडून प्रवेश व्हिसा आणि केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची परवानगी हवी.

युद्ध सुरू असलेल्या देशाबाबत तर हा मार्गही बंद असतो. तिकडची न्यायालये, नोंदणी कार्यालये, अनाथालये विस्कळीत झालेली असतात, आणि मुलाचे आई-वडील खरोखर गेले की फक्त ताटातूट झाली, हे सांगणारे कुणी नसते. रशियाचे आक्रमण सुरू झाल्यावर २०२२ मध्ये युक्रेनने परदेशींना मुले दत्तक देणे थांबवले ते याच कारणाने.

दत्तक नको, सुट्टीपुरता पाहुणा चालेल का?

अमेरिकेत असे कार्यक्रम अनेक वर्षे चालतात. पूर्व युरोप किंवा लॅटिन अमेरिकेतील अनाथालयातील मूल उन्हाळ्यात किंवा नाताळात तीन-चार आठवडे एखाद्या कुटुंबात राहते आणि परत जाते. यजमान कुटुंब विमानभाडे आणि संस्थेचे शुल्क मिळून हजारो डॉलर भरते. कागदावर ही फक्त पाहुणचाराची योजना. पण अनेक कुटुंबे पुढे त्याच मुलाला दत्तक घेतात, आणि मुलांनाही ते कळत असते. दहा-बारा वर्षांचे मूल चार आठवडे पसंतीस उतरण्याची धडपड करत राहते. नाही उतरले तर परत त्याच खाटेवर.

यातील ताण कुठवर जातो, हे २००६ मध्ये इटलीत दिसले. चेर्नोबिल दुर्घटनेनंतर बेलारूसमधील हजारो मुले दरवर्षी स्वच्छ हवेत काही आठवडे राहायला इटली, आयर्लंड आदी देशांत जात. जेनोआजवळच्या एका गावातील दाम्पत्याकडे अशीच दहा वर्षांची एक मुलगी येत असे. अनाथालयात तिचा छळ होतो, असे दाम्पत्याचे म्हणणे होते. परत पाठवण्याची वेळ आली तेव्हा कुटुंबाने तिला लपवून ठेवले. सुमारे तीन आठवडे दोन देशांचे राजदूत, न्यायालये आणि वृत्तवाहिन्या या एका मुलीभोवती फिरत होत्या. अखेर पोलिसांनी तिला शोधले आणि ती बेलारूसला परत गेली. इटलीत अनेकांना त्या दाम्पत्याचे वागणे बरोबर वाटले. कदाचित तिच्या जिवासाठी ते बरोबर असेलही. पण त्याचा फटका अशा प्रवासासाठी रांगेत असलेल्या बाकीच्या मुलांना बसला. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, कॅलिफोर्नियात आलेल्या १६ वर्षांच्या मुलीने परतायला नकार दिला, तेव्हा बेलारूसने मुलांचे असे परदेश दौरेच रोखले. प्रत्येक देशाने ‘मूल परत येईल’ असा लेखी करार केल्याशिवाय मुले पाठवणार नाही, अशी भूमिका त्या सरकारने घेतली.

भारतात अशी अनाथ मुलांच्या पाहुणचाराची मान्यताप्राप्त योजना नाही. रोटरीसारख्या संस्थांच्या युवा विनिमय कार्यक्रमात परदेशी किशोरवयीन मुले इथल्या घरांत महिनोन्‌महिने राहतात, पण त्यांचे पालक तिकडे हयात असतात, त्यांनी सही केलेली असते आणि शाळा ठरलेली असते. अनाथ मुलासाठी ती सही कोण करणार, इथेच गाडी अडते. पर्यटक व्हिसावर मूल आणून ‘बघू पुढे’ म्हणणे म्हणजे मुलाला बेकायदा मुक्कामाच्या कडेवर नेऊन उभे करणे.

परदेशी व्यक्ती मुक्कामाला आली की २४ तासांत ‘सी फॉर्म’ ऑनलाइन भरावा लागतो. वेरूळ-अजिंठ्यामुळे शहरातील हॉटेलवाल्यांना हा फॉर्म पाठ आहे. पण तो हॉटेलांपुरता नाही, घरी पाहुणा ठेवणाऱ्यालाही लागू आहे, हे फार कमी घरांना माहीत असते.

‘अनाथ’ म्हणजे नक्की कोण?

सगळ्या गोंधळाचे मूळ या शब्दात आहे. युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी एक जरी गेले असेल, तरी मूल अनाथ गणले जाते. त्या हिशेबाने २०१५ मध्ये जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुले होती. त्यातील दोन्ही पालक गमावलेली सुमारे दीड कोटी. म्हणजे जगातील दहांपैकी जवळपास नऊ ‘अनाथ’ मुलांना आई किंवा बाप आहे. उरलेल्यांतही आजी, काका, मोठी बहीण असतेच. छायाचित्राच्या चौकटीत ही माणसे नसतात, एवढेच.

ऑक्टोबर २००७ मध्ये एका फ्रेंच संस्थेचे कार्यकर्ते चाडमधून १०३ मुले विमानाने फ्रान्सला नेण्याच्या तयारीत असताना पकडले गेले. ही दारफूरच्या युद्धातील अनाथ मुले आहेत, असे यजमान कुटुंबांना सांगितले होते. चौकशीत बहुतेक मुले चाडचीच निघाली आणि बहुतेकांचे किमान एक पालक हयात होते. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर दहा अमेरिकी नागरिक ३३ मुलांना सीमेपार नेताना अडवले गेले. तिथेही बहुतेक मुलांचे आई-वडील जिवंत होते. चांगल्या शाळेच्या आशेने त्यांनीच मुले सोपवली होती. दोन्ही प्रकरणांतील यजमानांना आपण पुण्य करतोय असेच वाटत होते.

इथे परदेशाकडे बोट दाखवून चालणार नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ‘आई-वडील करोनाने गेले, दोन महिन्यांचे बाळ आहे, ब्राह्मण/मराठा/अमुक कुटुंबाने दत्तक घ्यावे, या नंबरवर फोन करा’ असे संदेश महाराष्ट्रभर फिरले. मराठवाड्यातील क्वचितच एखादा ग्रुप त्यातून सुटला असेल. केंद्र सरकारला आणि बालहक्क आयोगाला जाहीर इशारा द्यावा लागला की असे मूल घेणे आणि देणे, दोन्ही गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ८० नुसार ठरलेली प्रक्रिया टाळून मूल देण्या-घेण्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाची खरेदी-विक्री झाली तर कलम ८१ आणि पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ज्यांनी ते संदेश पुढे ढकलले, त्यांच्या मनात पाप नव्हते. पण बाळ शोधणाऱ्या टोळीला हवी असलेली यादी त्यांनीच फुकट पुरवली असती.

वळिवडे : पाच हजार पोलिश पाहुणे आणि महाराष्ट्र

आता त्या पानाकडे. महाराष्ट्राच्या भूमीवर परदेशी अनाथ मुले खरोखर राहिली आहेत आणि थोडीथोडकी नाहीत.

१९३९ मध्ये पोलंडची जर्मनी आणि सोव्हिएत संघाने वाटणी केली. पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना सोव्हिएत राजवटीने सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर समीकरण बदलले आणि या लोकांना सुटकेची परवानगी मिळाली. तोपर्यंत उपासमार आणि टायफसने अनेकांचे आई-बाप गेले होते. १९४२ मध्ये मुलांची पहिली तुकडी अश्गाबातहून ट्रकने इराणमार्गे क्वेट्ट्याकडे आणि पुढे मुंबईला आली. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी या कामासाठी धावपळ केली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी जामनगरजवळ बालाचडीत मुलांसाठी छावणी उभारली. मुले त्यांना ‘बापू’ म्हणत.

त्याहून मोठी वसाहत झाली ती कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया आणि मुले. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलेही वळिवड्याला आली. काही आजारी मुलांना हवापालटासाठी पाचगणीला ठेवले होते. वळिवड्यात पोलिश शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटके बसत, स्काऊटची पथके होती. बाजारहाटाला ही मंडळी कोल्हापुरात येत. गावातील भाजीवाले, दूधवाले कामापुरते पोलिश बोलू लागले होते, अशा आठवणी दोन्ही बाजूंनी सांगितल्या जातात. काही मुली इथेच लग्न करून कोल्हापूरच्या झाल्या. वसाहत रिकामी झाल्यावर तिथे फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित राहिले. आज कापडाच्या घाऊक बाजारासाठी ओळखले जाणारे गांधीनगर ते हेच.

या आठवणीला अलीकडे बराच उजाळा मिळाला आहे. २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभा राहिला. त्या मुलांपैकी काही, आता ऐंशी-नव्वदीतील, पुन्हा येऊन गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सातील जामसाहेब आणि कोल्हापूर यांच्या स्मारकांना पुष्पचक्र वाहिले. ‘आपण अनाथांना घर दिले’ असे भाषणांत म्हटले जाते आणि ते खरेच आहे. फक्त त्या वाक्यातील ‘घर’ कसे होते, हे पाहायला हवे.

ती मुले कोल्हापुरातील वाड्यांत एकेक करून वाटली गेली नाहीत. त्यांना कुणी मराठी नावे दिली नाहीत. त्यांच्यासोबत पोलिश शिक्षिका होत्या, पोलिश धर्मगुरू होते आणि खर्चाची मुख्य जबाबदारी लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारकडे होती. मूल परत जाईल तेव्हा त्याला आपल्या भाषेत बोलता आले पाहिजे, हा आग्रह त्यामागे होता. यजमानाने जागा दिली, सुरक्षा दिली, बाजार दिला. मुलाची ओळख मागितली नाही.

पुढे युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये सोव्हिएतांच्या कलाने चालणारे सरकार आले आणि अनाथ मुले परत पाठवा, अशी मागणी सुरू झाली. ज्या राजवटीने आई-बाप मारले, तिच्याच छत्राखाली मुलांना पाठवायचे का? तेव्हा जामसाहेब, ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क आणि पोलिश धर्मगुरू फ्रान्सिशेक प्लुता या तिघांनी मिळून मुलांना कायदेशीर दत्तक घेतले. ही कागदोपत्री तजवीज होती, मुलांना राजवाड्यात वारस म्हणून ठेवण्यासाठी नव्हती. कुठे जायचे याचा निर्णय त्यांच्या भल्याचा विचार करणाऱ्यांच्या हाती राहावा, यासाठी होती. पुढे मुले ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, पोलंड अशी वेगवेगळीकडे गेली.

याच काळात ब्रिटनने दुसरी पद्धत वापरली होती. १९३८-३९ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून आलेली सुमारे दहा हजार मुले, बहुतेक ज्यू, त्यांतील अनेक ब्रिटिश घरांत ठेवली गेली. जीव वाचले, यात वाद नाही. पण कित्येकांची भाषा गेली, काहींचा धर्म बदलला, काही घरांत मुलींना मोलकरणीसारखे राबवले गेले. ही मुले म्हातारी झाल्यावर त्यांनीच हे लिहून ठेवले.

आपले मूल तिकडे असते तेव्हा आपण काय म्हणतो?

अगदी हेच. नॉर्वेत २०११ मध्ये एका बंगाली दाम्पत्याची दोन मुले बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली, तेव्हा भारत सरकारने मुले काकांकडे सोपवण्यासाठी राजनैतिक पातळीवर प्रयत्न केले आणि एप्रिल २०१२ मध्ये ती भारतात आली. जर्मनीत २०२१ पासून पालकांपासून दूर ठेवलेल्या गुजराती मुलीसाठीही भारताचा मुद्दा हाच राहिला आहे की तिची भाषा, धर्म, खाणेपिणे तुटू नये. ही मुले अनाथ नव्हती. पण जो निकष आपण बर्लिनला सांगतो, तोच सुदानच्या किंवा युक्रेनच्या मुलाला लावला, तर ते मूल गारखेड्यातील फ्लॅटमध्ये आणण्याच्या कल्पनेचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

मग शहरातील घरात परदेशी अनाथ मूल येण्याची खरी शक्यता कोणती?

ती युद्धाच्या छायाचित्रात नाही. ती अमेरिकेतील महामार्गावर आहे. संभाजीनगरातील शेकडो घरांतील मुलगा-सून किंवा मुलगी-जावई परदेशी नोकरीला आहेत आणि नातवंडांचा जन्म तिकडचा आहे. समजा, अपघातात दोघेही गेले. मागे चार वर्षांचे मूल, पासपोर्ट अमेरिकेचा. इथल्या आजी-आजोबांच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखे काहीच नाही, नातू घरी येणार. तिकडच्या यंत्रणेच्या दृष्टीने मात्र ते अमेरिकी नागरिक असलेले, पालक नसलेले बालक आहे आणि निर्णय तिथल्या राज्याच्या न्यायालयाचा आहे.

अशा वेळी न्यायालय आधी एकच कागद पाहते : आई-वडिलांनी मृत्युपत्रात पालक म्हणून कुणाचे नाव लिहिले आहे का? लिहिले असेल तर न्यायालय त्याला मोठे वजन देते. नसेल तर नातेवाइकांना अर्ज करावा लागतो, वकील लावावा लागतो आणि निकाल लागेपर्यंत मूल तिकडच्या एखाद्या मित्राच्या घरी किंवा सरकारने नेमलेल्या पालनकर्त्या कुटुंबात राहू शकते. तिशीतील इंजिनिअर घराचे कर्ज घेतो, विमा काढतो, मृत्युपत्र सहसा करत नाही. ते अशुभ वाटते. आजोबांनी फोनवर हा विषय काढणे त्याहून अवघड. पण या संपूर्ण लेखातील सर्वांत उपयोगी गोष्ट बहुधा हीच आहे.

न्यायालयाने आजी-आजोबांना पालकत्व दिले की पुढचा मार्ग त्यामानाने सरळ आहे. मूल अमेरिकी पासपोर्टवर येते, त्यासाठी प्रवेश व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते. ओसीआय आधीच काढलेले असेल तर त्या धावपळीत एक मोठे काम वाचते. व्हिसावर जास्त काळ राहायचे असेल तर नोंदणीचे नियम पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात आधीच विचारून घ्यावेत. मृत पालकाने अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कर पुरेसा काळ भरलेला असेल, तर मुलाला साधारण १८ वर्षांपर्यंत दरमहा रक्कम मिळू शकते. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अनेक कुटुंबांना हे कळतच नाही. पालकत्व आणि दत्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नातवाला वाढवायला पालकत्व पुरते. जुलै २०२५ च्या निकालातील अडचण दत्तकाची होती, सांभाळण्याची नव्हती.

आणि परदेशी मूल शहरातच एकटे सापडले तर?

याबाबतीत कायदा स्पष्ट आहे. बाल न्याय कायद्याचे संरक्षण राष्ट्रीयत्व पाहून मिळत नाही. रेल्वे स्थानकावर नेपाळचे किंवा बांगलादेशचे मूल एकटे आढळले, तर १०९८ वर कळवायचे. मुलाला २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर केले जाते. समिती त्याच्या राहण्याची सोय करते आणि दूतावासामार्फत कुटुंबाचा शोध घेतला जातो. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळने पालकांशिवाय मुलांच्या प्रवासावर निर्बंध आणले होते, कारण ‘अनाथ’ म्हणून मुले सीमेपार नेली जाण्याची भीती होती. ती सीमा ओलांडायला व्हिसा लागत नाही. त्यामुळे कुणी नेपाळहून मूल आणून ‘याला कुणी नाही, तुम्ही ठेवा’ म्हणाले, तर घरात घेण्याआधी फोन उचलायचा, हे महत्त्वाचे.

घरात जागा आहे, मनात इच्छा आहे, त्यांनी काय करावे?

दत्तकाची रांग लांब आहे. देशात ३० हजारांहून अधिक भावी पालक नोंदणी करून थांबले आहेत आणि २०२४-२५ या वर्षात ४,५१५ मुले दत्तक गेली. तो गेल्या अनेक वर्षांतील सर्वांत मोठा आकडा होता, तरी प्रतीक्षा तीन वर्षांहून जास्त असते. बहुतेकांना बाळ हवे असते. सहा वर्षांपुढची मुले संस्थांत मोठी होत राहतात.

त्यांच्यासाठी प्रतिपालकत्वाची योजना आहे आणि ‘काही काळ मूल घरी ठेवू’ या इच्छेला कायद्याने दिलेले रूप तेच आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ खाली मूल ठरावीक काळासाठी कुटुंबाकडे दिले जाते, देखरेख बालकल्याण समितीची. जून २०२४ मध्ये केंद्राने नियम सैल केले. पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांना संधी होती, आता ३५ ते ६० वयोगटातील अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित व्यक्तीही पात्र आहेत. एकट्या पुरुषाला मात्र मुलगाच मिळतो. मूल दोन वर्षे घरात राहिले, तर तेच कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकते. आधी ही अट पाच वर्षांची होती. ‘मिशन वात्सल्य’मध्ये अशा मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना वेगळी. तिच्यात एक पालक गमावलेली मुलेही बसतात आणि दरमहा २,२५० रुपये मिळतात. म्हणजे मामाकडे, आजीकडे वाढणारे मूल तिथेच राहू शकते.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा. घराची पाहणी होते, शेजाऱ्यांशी बोलतात, पोलीस पडताळणी होते, घरातील इतर मुलांनाही विचारतात. अनेक इच्छुक याच टप्प्यावर वैतागून मागे फिरतात. मूल घरी आल्यावरही समितीचे लोक येत राहतात आणि मुलाचे आई किंवा वडील हयात असतील, तर त्यांच्या भेटी चालू ठेवणे ही प्रतिपालकांची जबाबदारी असते.